एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही: गॅस भरण्याआधी काय काय तपासायचं

खालच्यापैकी एखादी तक्रार तुमची असेल तर पुढचं वाचा.

- एसी तासन्‌तास चालतो, हवा येते, पण खोली २७-२८ अंशांच्या खाली उतरत नाही.
- सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास छान गार, मग वारा मंदावत जातो. बंद केल्यावर इनडोअरमधून टपटप पाणी गळतं.
- जाळीमागच्या कॉइलवर (गॅस फिरतो त्या नळ्या-पत्र्यांवर) किंवा बाहेरच्या तांब्याच्या नळीवर बर्फ धरतो.
- दुपारी निकामी, रात्री बरा.
- आउटडोअरचा पंखा फिरतो, पण कंप्रेसरची घरघर ऐकू येत नाही. किंवा ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो आणि दोन-चार सेकंदांत ‘टक्’ करून थांबतो.
- दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो.

या सगळ्या तक्रारींवर ग्राहकाचं निदान एकच असतं: ‘गॅस संपलाय, येऊन भरून जा.’ आणि दुर्दैवाने बरेच मेकॅनिकही तेच म्हणतात, कारण गॅस भरण्याचे पैसे लगेच मिळतात, गळती शोधण्याचे मिळत नाहीत. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आत खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. धडधाकट एसीत कंपनीतून भरून आलेलाच गॅस दहा वर्षांनीही तसाच असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळालाय, आणि भोक न बुजवता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. म्हणून गॅस हा या यादीत शेवटी येतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘थंड होत नाही’च्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हवेत सापडतं, गॅसमध्ये नाही. खालचा क्रमही त्याच हिशेबाने लावलाय: फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

एक पैसाही न लागणारी तपासणी

रिमोटवर मोड बघा. ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ लागलेला असतो आणि घरात सगळे कंपनीच्या नावाने बोटं मोडत असतात. ‘कूल’ हवा. ‘इको’, ‘स्लीप’ किंवा क्षमता ४०-६० टक्क्यांवर आणणारं बटण दाबलं गेलंय का, तेही बघा. हल्लीच्या इन्व्हर्टर एसींमध्ये (ज्यांच्या कंप्रेसरचा वेग बदलत राहतो) हा घोळ फार होतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात, तो नियम आहे, बिघाड नाही. आणि १६ लावल्याने खोली लवकर गार होते हा समज साध्या, बिन-इन्व्हर्टर एसीच्या बाबतीत तरी चुकीचा आहे. त्याचा कंप्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर बंद असतो. १६ लावल्याने तो जोरात नाही, फक्त जास्त वेळ चालतो.

मग खोलीकडे बघा. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक), साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. हे माप बर्फावरून आलं: एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. ही ताकद ठरलेली आहे, तुमची खोली मात्र बदलत असते. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून ओपन किचन केलं, पश्चिमेच्या खिडकीचा जाड पडदा काढला, वरच्या मजल्याचं काम रखडलं आणि स्लॅब उघडा पडला, की कालपर्यंत पुरणारा दीड टन आज पुरत नाही. एसीत काहीच बिघडलेलं नसतं.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. एसीला ‘मदत’ म्हणून त्याच खोलीत कूलर लावू नका. कूलर हवेत पाणी सोडतो, एसीला तेच पाणी पुन्हा हवेतून काढावं लागतं. त्याची बरीच ताकद तिथेच जाते. आणि एसीच्या डब्यावर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर-चंद्रपूरला ४५-४६ च्या दुपारी तो तेवढी थंडी देणारच नाही. दुपारी मागे पडतो आणि रात्री सावरतो, एवढंच असेल तर आधी आउटडोअरवर सावली करा. मात्र पंख्यासमोर काही आडवं येऊ देऊ नका.

जाळी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

इनडोअरचं पुढचं झाकण उघडून दोन्ही जाळ्या काढा. उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर सापडलं. नळाखाली उलट्या बाजूने धुवा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर जाते. सावलीत वाळवा, उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. हमरस्त्यालगत किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करायलाच हवं.

धुळीसारख्या क्षुल्लक गोष्टीने बर्फ कसा धरतो, हे कळलं की पुढचं निम्मं निदान आपोआप होतं. चालू एसीत कॉइल साधारण ५ ते १० अंशांवर असते. तिच्यावरून खोलीतली गरम हवा भरपूर वाहिली तर ती तेवढ्यावरच राहते. हवा कमी झाली की गॅसला उचलायला उष्णताच मिळत नाही, कॉइल शून्याखाली उतरते, आणि हवेतली वाफ पाणी होऊन गळून जाण्याऐवजी तिथेच गोठते. त्या बर्फाने हवा आणखी अडते, बर्फ आणखी वाढतो. पाऊण तासात वारा बंद. एसी बंद केला की तो सगळा बर्फ एकदम वितळतो, खालच्या ट्रेमध्ये मावत नाही आणि भिंतीवर ओघळतो. ‘पाणी गळतं’ आणि ‘थंड होत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी समजून लोक दोन वेगळी माणसं बोलावतात. रोग एकच असतो.

बर्फ असेल तर तो खरवडू नका. कॉइलच्या पत्र्या कागदाइतक्या पातळ असतात आणि खाली तांब्याची नळी असते. स्क्रू-ड्रायव्हर लागला की नसलेली गळती तयार होते. ‘फॅन’ मोडवर दोन-तीन तास चालू ठेवा. पूर्ण वितळू द्या, मगच पुढची तपासणी. बर्फ असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं असतं.

बर्फ कुठे आहे ते बघा

आउटडोअरला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक आणि एक जाड. बर्फ पूर्ण वितळल्यावर एसी ‘कूल’वर लावा आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बघा. बारीक नळीच्या जोडापाशी, व्हॉल्व्हवर, पांढरं दव किंवा बर्फ दिसला आणि जाड नळी कोमट असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. उलट आतली सगळी कॉइल सारखीच पांढरी होत असेल आणि बर्फ जाड नळीवरून बाहेरपर्यंत येत असेल, तर हवा कमी पडतेय: जाळी, ब्लोअर (इनडोअरमधला पंखा) किंवा कॉइलची घाण. तासाभराने बघितलं तर बर्फ सगळीकडे पसरलेला असतो आणि काहीच कळत नाही. सुरुवातीलाच बघायचं. आउटडोअर गच्चीवर किंवा बाल्कनीत, हाताशी असेल तरच. खिडकीबाहेर वाकून नाही.

शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर

तार असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. लेझरची बंदूक नको, ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही. जाळी धुतलेली, पंखा पूर्ण वेगावर, सेटिंग १६ ते १८, दारं-खिडक्या बंद, एसी पंधरा-वीस मिनिटं चाललेला. आता वर जिथे हवा आत ओढली जाते तिथलं आणि खाली जिथे बाहेर येते तिथलं तापमान घ्या.

फरक ८ ते १२ अंश असेल तर एसी ठणठणीत आहे, दोष खोलीत किंवा टनेजमध्ये शोधा. ४-५ अंश असेल तर थंडी कुठेतरी कमी बनतेय. उलट फरक १५ पर्यंत गेलाय पण वारा मरतुकडा असेल, तर हवा अडलीय. मुंबई-कोकणात जुलैमध्ये फरक एक-दोन अंश कमीच येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. आणि इन्व्हर्टर एसीवर २६ लावून माप घेऊ नका. खोली सेटिंगच्या जवळ आली की तो मुद्दाम हळू चालतो आणि फरक कमी दिसतो.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा. मेकॅनिक आल्यावर ‘आत २९, बाहेर २४’ एवढं सांगितलंत तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आउटडोअर: उष्णता टाकायला जागा आहे का

खोलीतून उचललेली उष्णता इथून बाहेर पडते. ती पडली नाही तर आत थंडी बनत नाही, इतकं हे सरळ आहे. पावसाळ्यात घातलेलं प्लास्टिकचं कव्हर उन्हाळ्यात तसंच राहिलेलं मी नेहमी बघतो. कबुतरांची घरटी, वाळत घातलेल्या चादरी, ग्रिलच्या आत कोंबलेली जुनी सुटकेस, हेही नेहमीचंच. नव्या इमारतींत वेगळाच प्रकार असतो: एका अरुंद डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे आउटडोअर, प्रत्येकाची गरम हवा वरच्याच्या तोंडावर. वरच्या मजल्याचा एसी दुपारी ‘आपोआप बंद’ पडतो तो यामुळे. तिथे गॅस कितीही भरा, उपयोग नाही.

मागच्या पत्र्यांवर धुळीचा थर असेल आणि युनिट सुरक्षित जागी असेल, तर एमसीबी (एसीचा मेन स्विच) बंद करून बागेच्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. जेट पंपाची धार तिरकी लागली तर पत्र्या मुडपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. भिंतीच्या बाहेर टांगलेल्या युनिटला हात लावायचा नाही. ते काम सेफ्टी बेल्ट लावणाऱ्याचं.

ब्लोअर आणि ड्रेन

जाळी स्वच्छ, तरी वारा नाही? एमसीबी बंद करा, खालच्या तोंडातून टॉर्च मारा. आतल्या लांबट गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळी बुरशी बसलेली दिसली तर तोच चोर आहे. ही सफाई घरी करता येते, पण मी सुचवणार नाही. उजव्या बाजूला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असतो आणि त्यावर पाणी गेलं तर सर्व्हिसिंगच्या कित्येक पट खर्च येतो. सर्व्हिसवाला प्लास्टिकची झोळी लावून पीसीबी झाकतोय का, एवढं उभं राहून बघा.

बर्फ नसताना पाणी गळत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय किंवा त्याला उतार नाही. मीटरमागे एक सेंटिमीटर उतार हवा आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको.

वीज

उन्हाळ्याच्या संध्याकाळी अख्खी कॉलनी एसी लावते आणि व्होल्टेज बसतं. स्टॅबिलायझरचा आकडा एसी सुरू होताना बघा, बंद असताना नाही. २३० च्या जागी १८० च्या खाली जात असेल तर साधा कंप्रेसर उठत नाही. गुणगुणतो, तापतो आणि ओव्हरलोडचा स्विच त्याची वीज तोडतो. मग लोक रिमोटने बंद-चालू, बंद-चालू करतात. तसं करू नका. कंप्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी तो दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करतो आणि आणखी तापतो.

व्होल्टेज ठीक आहे आणि तरी ‘हूंऽऽ... टक्’ होतंय, तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर. दीड टनाच्या साध्या एसीत तो बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो, उन्हात तापून कमजोर होतो आणि किंमत काही शे रुपये. ‘कंप्रेसर गेला’ असं ऐकवलं गेलं तर आधी कपॅसिटर मोजून दाखवायला सांगा, मग बाकीचं बोला.

इथे थांबा

कपॅसिटर स्वस्त असला तरी तो तुम्ही बदलायचा नाही. वीज तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो. इन्व्हर्टर आउटडोअरच्या पीसीबीवर तर ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं टिकून असतं. याशिवाय खालचं काहीही दिसलं तर एमसीबी पाडा आणि माणूस बोलवा:

- जळका वास, काळी पडलेली वायर, वितळलेला प्लग.
- एमसीबी दुसऱ्यांदा पडला. त्याजागी मोठ्या अँपिअरचा बसवणं म्हणजे वायरिंग पेटवायची तयारी.
- नळीच्या जोडाशी तेलकट डाग. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणजे गळती तिथेच आहे.
- डिस्प्लेवर एरर कोड, जो पाच मिनिटं वीज बंद ठेवूनही परत येतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

वर्कशॉप आणि ऑफिसवाल्यांसाठी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक ठिकाणी डक्टेबल किंवा पॅकेज युनिट, म्हणजे डक्टमधून हवा देणारे मोठे एसी असतात. यंत्र मोठं, पण तर्क तोच. फरक एवढाच की घरात माणसाला बरं वाटलं की झालं, कारखान्यात मात्र मालाला बरं वाटावं लागतं. एअर कंडिशनिंगचा जन्मच तसा झाला: १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग बसायचा नाही, त्यावर विलिस कॅरियरने काढलेला तो तोडगा होता. आजही मोजमापाच्या खोलीला २० अंश लागतात, कारण लांबीची मापं जगभर त्याच तापमानाला धरली जातात. तिथे २३ झालं तर कामगाराची तक्रार येत नाही, पार्ट रिजेक्ट होतो.

इथला पहिला प्रश्न: गेल्या वेळेपासून आत नवीन काय आलं? आत चालणाऱ्या यंत्राने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन तिथेच पडते. साडेतीन किलोवॉट सतत खाणारं एक यंत्र वाढलं की एक टन एसी त्यालाच लागला. दुसरा प्रश्न: एक्झॉस्ट फॅन कोणी लावला? तो जेवढी गार हवा बाहेर फेकतो तेवढीच गरम हवा फटींतून आत येते. मालकाला वाटतं हवा खेळती राहते. एसीला वाटतं दार उघडंच आहे.

मग फिल्टर, आणि ब्लोअरचा पट्टा. मेन स्विच पाडून, त्याला कुलूप लावून, पट्टा मधोमध दाबा. सैल लोंबत असेल किंवा कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय. मोटर फिरते, ब्लोअर मागे पडतो, कॉइलवर बर्फ. सीएनसीच्या शेडमध्ये कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवर) तेलाचा धूर आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही, कॉइल क्लीनर लागतो. कूलिंग टॉवरवर चालणाऱ्या युनिटला बोअरचं जड पाणी असेल तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार धरतात. त्याचं डीस्केलिंग, म्हणजे ते क्षार काढणं, हे जाणकाराचं काम.

पॅनेलवर ‘एचपी’ (हाय प्रेशर, दाब जास्त) ट्रिप असेल तर दोष बाहेरच्या बाजूला: घाणेरडा कंडेन्सर, बंद पंखा, कमी पाणी. ‘एलपी’ (लो प्रेशर, दाब कमी) ट्रिप असेल तर आतल्या बाजूला: तुंबलेला फिल्टर, सैल पट्टा, किंवा खरोखर कमी गॅस. रीसेट एकदा दाबा. पुन्हा ट्रिप झालं तर दुसऱ्यांदा दाबायला जाऊ नका, कंप्रेसर त्यानेच मरतो. आणि लाइनमनने खांबावर काम केल्यानंतर लगेच थ्री फेज युनिट खडखडायला लागलं व थंडी शून्य झाली, तर फेज उलटे जोडले गेलेत. स्क्रोल कंप्रेसर उलटा फिरला की दाबच तयार करत नाही. ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज अदलाबदल करून घ्या.

खरंच गॅस कमी निघाला तर

मेकॅनिकला हे विचारा. गळती कुठे आहे? फ्लेअर नट (नळीच्या जोडावरचा नट) सैल असेल तर काम छोटं. कॉइलला बारीक छिद्रं असतील तर मोठं. नाल्याकाठच्या वस्त्यांत आणि खाडीलगत हे फार होतं. सांडपाण्यातून येणाऱ्या वायूने तांबं काळं पडून झिजत जातं. अशा ठिकाणी नवा एसी घेताना कॉइलवर संरक्षक थर आहे का, ते विचारून घ्या.

गळती तपासायला नळीत कोरडा नायट्रोजन भरतात. ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन कोणी आलं तर दारातूनच परत पाठवा. ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा, नाहीतर आत राहिलेली ओल तेल खराब करते. ‘गॅस सोडून हवा काढून टाकतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नव्या एसीतला आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे सरळ प्रोपेन, तेव्हा काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट, देवाचा दिवा, सगळं बंद.

गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कंप्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या गेजवर (दाबाच्या मीटरवर) बघून भरलेला गॅस हा अंदाजपंचे कारभार असतो. जास्त भरला तरीही थंडी कमीच येते आणि वर कंप्रेसरवर ताण. आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनमध्ये आर-४१०ए किंवा आर-३२ ‘चालून जाईल’ असं कोणी म्हणालं तर काम थांबवा. दाब दीडपटीहून जास्त असतो आणि तेलही वेगळं.

बिलावर गॅसचं नाव, भरलेले ग्रॅम आणि गळती सापडलेली जागा, तिन्ही लिहून घ्या. आणि मशीन आर-२२ चं, आठ-दहा वर्षं जुनं, गळती कॉइलमध्ये असेल, तर मी ग्राहकाला गॅस भरून देत नाही. कॉइलची किंमत सांगतो, नव्या एसीची सांगतो, आणि दोन दिवस विचार करायला सांगतो.